बँड सोडून जपानला गेलेला गिटारवाला



गेल्या महिन्यात आपण महिला भजनी मंडळांवर बोललो होतो. त्यानंतर बरेच फोन आले. त्यातला एक आमच्या डोक्यातून जाईना. एक ताई म्हणाल्या, "आमच्या मंडळात पेटी वाजवणारी एक होती. हात इतका गोड की आजूबाजूच्या गावांतून आम्हाला बोलावणं यायचं. ती मंडळ सोडून गेली. म्हणाली, मला वेगळं काहीतरी वाजवायचंय. आता बाया म्हणतात, मंडळाने नाव दिलं आणि ही फुटली. तुम्हाला काय वाटतं, चुकलं का तिचं?"

आम्ही फोनवर काही उत्तर दिलं नाही. दोन्ही बाजू न ऐकता न्याय करणारे आम्ही कोण? पण त्या प्रश्नावरून आम्हाला एक माणूस आठवला. तो आपल्याकडचा नाही, अमेरिकेतला आहे. त्याचं नाव मार्टी फ्रीडमन. तो गिटार वाजवतो. जगभर नाव असलेला बँड त्याने सोडला, आणि पुढे जे केलं ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आज त्याच्याविषयी बोलू.

आधी एक खुलासा. बँड म्हटलं की आपल्याला लग्नातला बँडबाजा आठवतो. हा तसा नव्हे. रॉक संगीताच्या बँडमध्ये बहुतेक चार-पाच जण असतात. एक गातो, एक किंवा दोघे गिटार वाजवतात, एकाकडे जाड तारांची खर्जातली गिटार असते आणि एक जण ढोल-झांजांच्या मोठ्या संचामागे बसलेला असतो. गाणी ते स्वतःच बांधतात. नाव बँडचं, गाणी बँडची, आणि लोक येतात तेही बँडला ऐकायला. आपल्या मंडळासारखंच म्हणा ना.

आणि ती गिटार विजेवर चालते. हेही समजून घेऊ, कारण पुढे त्याचं काम आहे. आपलं तुणतुणं किंवा एकतारी वाजते तेव्हा तारेचा आवाज खालच्या पोकळ भांड्यात घुमतो आणि मोठा होतो. विजेच्या गिटारीला बहुतेक वेळा तशी पोकळी नसतेच, ती एक भरीव लाकडी फळी असते. तारांच्या खाली लोहचुंबक बसवलेले असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेटोळ्यात अगदी थोडी वीज तयार होते. सायकलच्या दिव्याचा डायनॅमो आठवा, तत्त्व तेच. ती वीज केबलमधून अँप्लिफायरकडे जाते आणि स्पीकरमधून आवाज बाहेर पडतो. जत्रेत कर्ण्याचा आवाज फार वाढवला की तो फाटतो, आपण कानावर हात ठेवतो. रॉकवाल्यांनी तो फाटलेला आवाजच मुद्दाम धरला. कारण तसा आवाज लवकर विरत नाही, लांबतो. आणि सूर लांबला की त्याला वळवता येतं, हलवता येतं, गळ्यासारखा खेळवता येतं.

आपल्या पेटीला हे जमत नाही. पेटीची एक पट्टी म्हणजे एक ठाम सूर. सा वरून रे वर जायचं तर मधली वाट नाही, उडीच मारावी लागते. गिटारीवर डाव्या हाताने तार दाबून ती थोडी बाजूला ढकलली की ताण वाढतो आणि सूर हळूहळू वर चढतो. आपले गवई त्याला मींड म्हणतात. मार्टी फ्रीडमनचं सगळं आयुष्य या एका करामतीभोवती फिरलं असं म्हटलं तरी चालेल.

त्याचा जन्म 8 डिसेंबर 1962 चा, अमेरिकेतल्या वॉशिंग्टनचा. तो शेजारच्या मेरीलँड राज्यात वाढला. पोरसवदा असताना 'किस' नावाच्या बँडचा कार्यक्रम पाहिला आणि गिटार हातात घेतली. शिकला बहुतेक आपलं आपणच. पुढे घरच्यांबरोबर हवाई बेटांवर गेला. अमेरिकेचं हे राज्य भर समुद्रात आहे, आणि तिथल्या ऊसमळ्यांवर मजुरीसाठी आलेल्या जपानी लोकांची मोठी वस्ती तिथे पिढ्यान्पिढ्या राहते. त्यांचा जपानी भाषेतला रेडिओ लागायचा. त्यावर एक वेगळंच गाणं मार्टीच्या कानावर पडलं. शब्द कळत नव्हते, पण गळा कळत होता.

त्या गाण्याला जपानीत 'एन्का' म्हणतात. बंदरावर सोडून गेलेला माणूस, बर्फात अडकलेलं गाव, दूर राहिलेली आई, दारूच्या पेल्यापुढे बसलेली एकटी बाई, असे त्याचे विषय. आणि मैत्रिणींनो, एक गंमत सांगतो. अशा बऱ्याच गाण्यांचे सूर पाचच असतात. सातांतला चौथा आणि सातवा सूर गाळायचा, अशी त्यांची रीत आहे. चौथा म्हणजे मध्यम, सातवा म्हणजे निषाद. उरले सा, रे, ग, प, ध. ज्यांनी थोडंफार गाणं शिकलंय त्या लगेच म्हणतील, अहो हा तर भूप! खरंच, त्यांच्या पाच सुरांचा एक प्रकार आपल्या भूपाशी जुळतो. दुसऱ्या प्रकारात गंधार आणि धैवत कोमल होतात आणि तो फार उदास वाटतो. एन्का गाणाऱ्या बाया एखाद्या सुरावर येताना गळ्याला बारीक हिसका देतात. जपानी लोक त्याला 'कोबुशी' म्हणतात. आपल्याकडे लावणीत मुरकी घेतात ना, तिची ही लांबची बहीण समजा.

मार्टीने ठरवलं, हे आपल्या तारेवर उतरवायचं. गिटारवाल्यांचं ऐकून गिटार शिकणारे पुष्कळ होते. हा गाणाऱ्या बायकांचं ऐकून वाजवू लागला.

एकोणीसशे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात त्याला जेसन बेकर नावाचा पोरगेला गिटारवाला भेटला. मार्टीपेक्षा साडेसहा वर्षांनी लहान, विलक्षण हात. दोघांनी 'कॅकॉफनी' नावाचा बँड काढला. 1987 आणि 1988 मध्ये त्यांचे दोन अल्बम आले. जाणकारांनी वाहवा केली, पण पैसा काही आला नाही. मार्टीने 1988 मध्ये 'ड्रॅगन्स किस' हा स्वतःचा एकट्याचाही अल्बम काढला. त्यात शब्द नव्हते, नुसती गिटार. तेव्हा ऐकणारे थोडेच होते.

मग फेब्रुवारी 1990 मध्ये त्याला 'मेगाडेथ' या बँडने घेतलं. नाव भयंकर आहे, आणि संगीतही तसंच, वेगवान आणि कर्कश. हेवी मेटल म्हणतात ते हेच. हा बँड काढणारा डेव्ह मस्टेन याला 1983 मध्ये 'मेटॅलिका' नावाच्या दुसऱ्या बँडने काढून टाकलं होतं. त्या रागातून त्याने आपला बँड उभा केला. म्हणजे या गोष्टीत गटातून बाहेर पडलेला मार्टी पहिला नव्हेच!

मार्टी आला आणि त्याच वर्षी 'रस्ट इन पीस' हा अल्बम निघाला. त्यातल्या 'टॉर्नेडो ऑफ सोल्स' या गाण्यात मधे मार्टीची एकट्याची गिटार येते. आपल्या तमाशात ढोलकीवाल्याला जागा देतात, बाकीचे थांबतात आणि तो आपली तयारी दाखवतो, तसं. जगभरची पोरं आजही ती जागा गिरवत बसतात. 1992 चा 'काउंटडाउन टू एक्स्टिंक्शन' अमेरिकेच्या विक्रीच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्याच्याआधी याच जागी इतर गिटारवाले येऊन गेले होते. मार्टी दहा वर्षं टिकला. पैसा, नाव, देशोदेशीचे दौरे, सगळं मिळालं.

इकडे जेसनचं काय झालं, तेही सांगायला हवं. त्यालाही एका मोठ्या गायकाच्या बँडमध्ये बोलावणं आलं होतं. त्याच सुमारास त्याच्या पायात अशक्तपणा जाणवू लागला. 1989 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, डॉक्टरांनी निदान केलं, एएलएस. या आजारात स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून निकामी होतात, बुद्धी मात्र बहुधा शाबूत राहते. आधी हात गेले, मग चालणं, मग बोलणं. डॉक्टरांनी थोडी वर्षं सांगितली होती. त्याच्या वडिलांनी डोळ्यांच्या हालचालीवरून अक्षरं ओळखण्याची एक युक्ती बसवली, आणि जेसन डोळ्यांनी सांगून सांगून संगीत रचत राहिला. 2018 मध्ये त्याचा नवा अल्बम आला. त्यात त्याच्या रचनेवर गिटार वाजवायला मार्टी होता, आणि मार्टीची पत्नी हियोरी ओकुदा चेलो वाजवायला होती. चेलो म्हणजे जमिनीवर टेकवून गजाने वाजवायचं मोठं व्हायोलिन. त्याआधी 2014 मध्ये मार्टीच्या 'इन्फर्नो' या अल्बममध्ये या दोघांनी मिळून बांधलेली एक रचना आहे. एक मित्र हात असलेला, दुसरा नसलेला. आम्ही ही तयारी करत होतो तेव्हा आमच्यातल्या एकीने इथेच कागद खाली ठेवला आणि म्हणाली, थोडं थांबू या.

तर मार्टी. बाहेरून सगळं झकास होतं. पण बँडचं संगीत एका दिशेला आणि याचे कान दुसऱ्या दिशेला. दौऱ्यावर फावल्या वेळात तो जपानी गाणी ऐके. आणि जपानी भाषा शिकायला त्याने टपालाने धडे मागवले. विचार करा, रात्री हजारो लोकांपुढे वाजवायचं आणि दिवसा जपानी अक्षरं गिरवायची! आपल्यातल्या कितीतरी जणी मुक्त विद्यापीठाची पुस्तकं चुलीपुढे बसून वाचतात, त्यांना ही झोपमोड वेगळी सांगायला नको. पुढे बँड जपानला गेला की तिथल्या वार्ताहरांशी हा दुभाष्याशिवाय बोलू लागला.

बँडमध्ये असतानाही तो स्वतःचं काम अधूनमधून करत होता. 1992 चा त्याचा 'सीन्स' हा अल्बम ऐकला तर तो मेगाडेथवाल्याचा आहे हे कोणाला पटायचं नाही, इतका शांत. त्याच्या निर्मितीत कितारो हे जपानी संगीतकार होते. म्हणजे मन कुठे ओढ घेतंय याच्या खुणा आधीपासून दिसत होत्या. घरात एखादी मुलगी शेतावरून आली की कागदावर नक्षी काढत बसते आणि सगळे म्हणतात, बसलीये रिकामी. तसंच होतं ते. फक्त याचं कागदावर काढणं छापून येत होतं.

1999 मध्ये बँडचा 'रिस्क' नावाचा अल्बम आला. रिस्क म्हणजे जोखीम. त्यात नेहमीचा कर्कशपणा कमी करून सोपी गाणी घ्यायचा प्रयत्न होता. जुन्या चाहत्यांना तो रुचला नाही. त्याच काळात मार्टीला घबराटीचे तीव्र झटके येऊ लागले होते. छातीत धडधड, अंग गळून जाणं, आता आपलं काही खरं नाही असं वाटणं. हे त्याने तेव्हा जगाला सांगितलं नाही. पुष्कळ वर्षांनी, 2024 मध्ये निघालेल्या आत्मचरित्रात सांगितलं. आपल्याकडे अशा झटक्यांना "बाहेरचं काहीतरी झालं" म्हणतात, किंवा "नाटकं करते" म्हणतात. दोन्ही खोटं आहे. हा आजार आहे, आणि त्यावर डॉक्टरांकडे इलाज असतो. नाव, पैसा, टाळ्या असलेल्या माणसालाही तो होतो.

1999 संपता संपता त्याने निर्णय सांगितला आणि जानेवारी 2000 मध्ये तो बँडमधून बाहेर पडला. वय सदतीस.

आता तुम्ही म्हणाल, इतका नावाजलेला माणूस, बाहेर पडला असेल तर स्वतःचा तसाच दुसरा बँड काढला असेल. नाही काढला. स्वतःचे अल्बम करत राहिला, आणि 2003 मध्ये बाडबिस्तरा उचलून टोकियोला राहायला गेला. का गेला, याचं त्याचं म्हणणं साधं होतं. तो म्हणे, मी घरी जे ऐकतो ते सगळं जपानी, मग तिथेच जाऊन त्या लोकांत काम का करू नये? जपानी लोकप्रिय गाण्यांत एका बाजूला गोड चाल आणि दुसऱ्या बाजूला दणदणीत गिटार, दोन्ही एका गाण्यात खुशाल नांदतात. अमेरिकेत त्या वेळी असं केलं तर लोक नाक मुरडत. जपानात कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

आणि तिथे गेल्यावर पहिलं मोठं काम कोणतं केलं? आइकावा नानासे नावाच्या एका लोकप्रिय गायिकेच्या मागे उभं राहून साथ! भोवती सगळे जपानी, गाणी तिची, नाव तिचं, हा साथीदार. चाळिशीतला माणूस, ज्याच्या जागा जगभरची पोरं गिरवतात, तो दुसऱ्यांची गाणी पाठ करून वेळेवर तालमीला जातोय. आम्हाला या सगळ्या गोष्टीत हा भाग सगळ्यात मोठा वाटतो. बँड सोडायला धाडस लागतं हे खरं, पण सोडल्यावर पुन्हा मागच्या रांगेत उभं राहायला काय लागतं ते मागच्या रांगेत उभं राहिलेल्यालाच ठाऊक.

पुढचं तर आणखी नवल. 2005 मध्ये टीव्हीवर 'हेबिमेता-सान' नावाचा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. हेबिमेता म्हणजे हेवी मेटलचं जपानी बोलीतलं आखूड रूप, आणि सान म्हणजे आपलं राव. हेवीमेटलराव! त्यात मार्टी गिटार घेऊन बसे, गप्पा मारी, हसे, हसवी, सगळं जपानीत. त्यानंतर 'रॉक फुजियामा' आला. मग जाहिराती आणि टीव्हीवरचे किती कार्यक्रम, याला हिशेब नाही. त्याने जपानी गाण्यांवर जपानी भाषेत पुस्तकही लिहिलं. ज्या घरांत मेगाडेथचं नाव कोणी ऐकलं नव्हतं, त्या घरांतल्या आज्या त्याला ओळखू लागल्या, टीव्हीवरचा तो कुरळ्या केसांचा परदेशी माणूस म्हणून.

बाहेरच्या जुन्या चाहत्यांपैकी काहींना हे पचलं नाही. एवढा मोठा वादक आणि टीव्हीवर थट्टामस्करी करतो, असं त्यांना वाटलं. आमच्यातही यावर दोन मतं पडली. एक म्हणाली, पोटासाठी करावं लागतं. दुसरी म्हणाली, पोटासाठी कशाला, मजा येत असेल त्याला. आम्ही या दुसरीच्या बाजूचे. भाषा नुसती पुस्तकातून येत नाही, ती चार लोकांत बसून, चुकून, हसं करून घेऊन येते. आणि त्या लोकांत मिसळल्याशिवाय त्यांचं गाणं हातात उतरेल, हे आम्हाला तरी खरं वाटत नाही.

हे उतरलेलं गाणं 2009 मध्ये 'टोकियो ज्यूकबॉक्स' या अल्बममध्ये ऐकायला मिळतं. त्यात त्याने जपानी लोकांच्या ओठांवरची गाणी घेतली आणि गाणाऱ्याच्या जागी गिटार ठेवली. शब्द नाहीत. त्यात 'आमागी गोए' नावाचं एक एन्का आहे, इशिकावा सायुरी या थोर गायिकेने 1986 मध्ये गायलेलं. आमागी हा डोंगर आहे आणि गाणं तो घाट ओलांडून जाण्याचं, प्रेमात जळणाऱ्या बाईचं. तरुणपणी हवाईत ज्या तऱ्हेच्या गळ्यांनी याला वेड लावलं, त्या तऱ्हेचं गाणं तीसेक वर्षांनी त्याने आपल्या तारेवर वाजवलं. या मालिकेचे पुढे 2011 आणि 2020 मध्ये आणखी दोन अल्बम आले.

वाजवण्याची त्याची रीतही सांगतो. उजव्या हाताचं मनगट तो आतल्या बाजूला इतकं वाकवून धरतो की शिकवणारे गुरुजी पाहतील तर छडी घेतील. कोणी शिकवलं नाही म्हणून हात असा पडला, आणि मग त्याने तोच ठेवला. डाव्या हाताने तार ओढताना तो अपेक्षित सुरापासून सुरुवात करत नाही. भलत्याच सुरावरून निघतो आणि नेमक्या सुरावर जरा उशिरा येऊन पोचतो. वाट पाहायला लावतो. बाईने दाराशी येऊन उंबऱ्यावर क्षणभर थांबावं, मग आत यावं, तसं.

2012 मध्ये 'मोमोइरो क्लोव्हर झेड' या तरुण मुलींच्या गाण्याच्या गटाच्या एका दणदणीत गाण्यात त्याची गिटार आहे. रंगीत झगे, उड्या मारत गाणाऱ्या मुली, आणि गिटार मेगाडेथवाल्याची! जपानात ते सहज खपलं. पुढे जपान सरकारने आपल्या सांस्कृतिक वारशाचा दूत म्हणून त्याला नेमलं आणि त्या वारशासाठी धून बांधायला सांगितली. परक्या माणसाला आपल्या वारशाची धून बांधायला देणं, हे साधं नाही.

आता पैशाचं. आपल्या गटात हिशेब आधी लागतो, म्हणून टाळत नाही. 2015 च्या सुमारास मेगाडेथने जुने चौघे पुन्हा एकत्र आणायचा प्रयत्न केला. मार्टीशी बोलणी झाली. जमलं नाही. त्याने नंतर मुलाखतीत सांगितलं ते थोडक्यात असं की, परत यायला माझी हरकत नव्हती, पण मी स्वतःच्या कामातून जे कमावतो त्याहून कमी घेऊन येणार नाही. त्याने हे लाजत-बुजत सांगितलं नाही, की कोणाला नावं ठेवून सांगितलं नाही. बँडने दुसरा चांगला गिटारवाला घेतला, काम चालू राहिलं, याचंही चालू राहिलं. आम्हाला हे ऐकून बरं वाटलं. जुन्या मैत्रीखातर फुकट राबायला बोलावतात आणि नाही म्हटलं की तोंड फिरवतात, हा अनुभव आपल्यात कोणाला नाही?

पण तोंडं फिरलेली नव्हती. टोकियोत बुडोकान नावाचं मोठं सभागृह आहे. 1964 च्या ऑलिंपिकमध्ये ज्युदोच्या सामन्यांसाठी बांधलेलं. 1966 मध्ये बीटल्स तिथे वाजवून गेले, तेव्हापासून रॉकवाल्यांना तिथे वाजवणं म्हणजे पंढरीला जाऊन आल्यासारखं. 1993 मध्ये मेगाडेथचा कार्यक्रम तिथे ठरला होता, मार्टी तेव्हा बँडमध्ये होता. तो कार्यक्रम रद्द झाला. वारी ठरली आणि गाडीच निघाली नाही, असं झालं. मधे मार्टी बँड सोडून त्याच शहरात राहायलाही आला. आणि 27 फेब्रुवारी 2023 ला, तीस वर्षांनी, मेगाडेथ बुडोकानला वाजवायला आला. त्यांनी मार्टीला पाहुणा म्हणून बोलावलं. साठ वर्षांचा मार्टी मंचावर आला आणि त्यांच्याबरोबर तीन गाणी वाजवून गेला. त्यातलं एक 'टॉर्नेडो ऑफ सोल्स'. तेवीस वर्षांनी तीच जागा, त्याच माणसाच्या हाताने. कार्यक्रम संपल्यावर बँड आपल्या वाटेला लागला आणि मार्टी आपल्या घरी गेला, कारण त्याचं घर तिथेच होतं. त्यानंतरच्या वर्षी, 2024 मध्ये, 'ड्रामा' नावाचा त्याचा एकट्याचा नवा अल्बम निघाला.

रेडिओवर हे बोलणं झालं तेव्हा शेवटी आम्ही 'आमागी गोए' वाजवलं होतं. आधी इशिकावा सायुरींनी गायलेलं, मग मार्टीने वाजवलेलं. मासिकात ते ऐकवता येत नाही. ज्यांच्या घरी मोबाइल आहे त्यांनी पोराबाळांना शोधून द्यायला सांगा. पहिल्यांदा ऐकताना मार्टीचा गोंगाट वाटेल, आम्हालाही वाटला. ढोलाकडे लक्ष न देता फक्त गाणाऱ्या गिटारीच्या मागे जा. बाईचा गळा जिथे हिसका देतो तिथे तार काय करते ते पाहा.

कार्यक्रम संपला आणि पाचच मिनिटांत त्या ताईंचा फोन आला, पेटीवालीचा प्रश्न विचारणाऱ्या. आम्हाला वाटलं उत्तर मागतील. त्या म्हणाल्या, "ती आता दूर राहते, तिकडे आपला रेडिओ लागत नाही. म्हणून मी तिला फोन लावला आणि अर्धा तास रेडिओजवळ धरून बसले. हात भरून आला. ती म्हणते, ते दुसरं गाणं परत लावता का, पेटीवर बसतंय का बघते."